पाव वाटी तांदळाचं गणित

सांगलीला माझी मावशी राहते. वय ७१, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. काका गेले त्याला चार वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला. चाळीस वर्षं तिने रोज सहा-सात माणसांचा स्वयंपाक केला. गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ओट्याशी उभी राहून ती म्हणाली, "अरे, एका वाटीला दोन वाट्या पाणी, हे मला झोपेत विचारलंस तरी सांगेन. पण एकटीसाठी पाव वाटी तांदूळ लावले आणि हिशेबाने अर्धी वाटी पाणी घातलं, की एक तर भात टचटचीत राहतो नाहीतर तळाला लागतो. हातच गेला बघ माझा."

तिचा हात अजून पहिल्यासारखाच आहे. चौघांच्या स्वयंपाकाला चाराने भागलं की एकट्याचा स्वयंपाक मिळतो, असं आपण सगळेच धरून चालतो, आणि तिथेच चुकतं. काही गोष्टी माणसांच्या हिशेबाने कमी होतात, काही भांड्याच्या हिशेबाने, आणि काही कमीच होत नाहीत. एकट्या माणसाच्या खाण्याची आबाळ होते त्याचं मूळ बरंचसं या भागाकारात आहे. आळसाला दोष देण्याआधी तो भागाकार नीट पाहायला हवा.

पाणी कुठे जातं?

उघड्या पातेल्यात भात लावला की घातलेल्या पाण्याचे दोन वाटे पडतात. एक वाटा तांदूळ पितात, दुसरा वाफ होऊन उडून जातो. तांदूळ किती पाणी पिणार हे तांदळाच्या मापावर ठरतं. किती पाणी उडणार हे मात्र पातेल्याचं तोंड किती रुंद आहे आणि ते किती वेळ आचेवर आहे, यावर ठरतं. आत एक वाटी तांदूळ आहेत की पाव वाटी, याच्याशी वाफेला देणंघेणं नाही.

आकडे घालून पाहू. समजा, एका वाटीच्या भातात दीड वाटी पाणी तांदळात मुरतं आणि अर्धी वाटी उडतं. तांदूळ पाव वाटी केले तर मुरणारं पाणी ०.३७५ वाटी, म्हणजे अर्ध्या वाटीहून थोडं कमी. पण पातेलं तेच आणि वेळही जवळपास तोच, म्हणून उडणारं पाणी अर्ध्या वाटीच्या आसपासच राहतं. एकूण गरज झाली पाऊण वाटीहून जास्त, आणि मावशी घालत होती अर्धी. भात कच्चा राहणारच.

कुकरच्या डब्यात ही अडचण येत नाही. तळाच्या पाण्याची वाफ झाली की सगळा कुकर वाफेने गच्च भरतो. भोवतालची हवा आधीच पाण्याने भरलेली असली, की डब्यातलं पाणी फारसं उडत नाही. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत ना, तसंच. शिवाय शिट्टीच्या वजनामुळे आतला दाब बाहेरच्या दुपटीच्या घरात जातो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या सुमाराला उकळतं, त्यामुळे डाळ लवकर शिजते. डब्यात पाव वाटीला अर्धी वाटी हे प्रमाण चालतं. तीन डब्यांच्या एका चळतीत खाली वरण, मध्ये भात, वर लाल भोपळ्याच्या किंवा बटाट्याच्या फोडी असं सगळं एका आचेवर होतं. एकट्यासाठी वाफेवर डबे रचण्याची ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर बनवला, त्यात तळाला निखारे आणि वर डब्यांची चळत असे. निखारे पेटवून माणूस कामाला लागला, की जेवण आपोआप शिजत राही.

तेलाची वाटणी होत नाही

पाण्याचं गणित चुकलं तर भात बिघडतो आणि ते लगेच कळतं. तेलाचं चुकलं तर भाजी उलट चविष्ट लागते, म्हणून ती चूक वर्षानुवर्षं ध्यानात येत नाही.

घरातली नेहमीची कढई गॅसवर ठेवा आणि चहाचा एकच चमचा तेल घाला. तेल तळाशी पसरतं आणि त्याचा पातळ थर होतो. त्यात मोहरी टाकली की दाणे तेलात बुडत नाहीत, नुसते तळाला टेकतात. मोहरी तडतडते ती आतल्या ओलाव्याची वाफ होऊन साल फुटते म्हणून. त्यासाठी दाण्याला सगळीकडून सारखी उष्णता लागते आणि ती देतं तेल. तेल अपुरं असलं की दाण्याची एक बाजू जळते, दुसरी कच्ची राहते, आणि मागून टाकलेली हळद तर क्षणात काळी पडते. हे दिसलं की हात आपोआप दुसरा चमचा ओततो, मग तिसरा. फोडणी छान बसते. पण चौघांच्या अर्धा किलो फरसबीला जे तीन-चार चमचे तेल पुरत होतं, तेच आता एकट्याच्या वाटीभर भाजीत गेलेलं असतं.

चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे ४० कॅलरी. तीन चमच्यांचे साडेतेरा ग्रॅम झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यातल्या नमुना ताटात दिवसभराचं तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरलं आहे. त्यातलं निम्मं एका भाजीत संपलं.

उपाय आजीच्या मांडणीवरच आहे: लोखंडी कढलं, किंवा फोडणीची पळी. तिचा तळ एवढासा असतो, त्यामुळे एक चमचा तेलही खोल उभं राहतं आणि मोहरी त्यात नीट बुडते. भाजी वेगळी शिजवायची आणि फोडणी वरून द्यायची. भाजी करपू नये म्हणून जास्त तेल घालायचीही गरज नाही. झाकणावर पाणी ठेवायची आपली रीत त्यासाठीच आहे. कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात भांडंभर गार पाणी ओततात. खालून वर आलेली वाफ त्या गार ताटलीला लागली की तिचं पाणी होतं आणि थेंब थेंब भाजीत पडतं. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. वरचं पाणी तोवर कोमट झालेलं असतं, भाजी कोरडी वाटली तर तेच आत घालायचं.

ताटातून आधी काय जातं?

आता कामाचा हिशेब. एका माणसाची मेथी निवडायला चौघांच्या मेथीच्या पावपट वेळ लागेल, हे खरं. पण विळी किंवा सुरी काढणं, कढई घासणं, मिक्सरचं भांडं धुणं, ओटा पुसणं, हे सगळं तेवढंच राहतं. मेथीची जुडीही अर्धी विकत मिळत नाही. त्यामुळे एकटा माणूस ज्या पदार्थाला तयारी जास्त लागते तो पदार्थ आधी सोडतो. पालेभाजी जाते, मग उसळ जाते, मग कोशिंबीर. आमटी पातळ होत होत तिचं डाळीचं पाणी होतं. शेवटी ताटात उरतं ते धान्य: भात, पोहे, टोस्ट, ब्रेड, नूडल्स.

मावशीच्या दिवसाचा मी अंदाज मांडला. सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर दोन-दोन टोस्ट, दुपारी भात आणि पातळ आमटी, रात्री दहीभात. पोट भरतं आणि चवही बरी असते. पण दुधा-दह्यासकट सगळं धरून प्रथिनं भरली जेमतेम २२ ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५५ किलो वजनाच्या माणसाला ती ४६ ग्रॅमच्या आसपास लागतात, म्हणजे निम्मीसुद्धा मिळत नव्हती. वय वाढतं तसे स्नायू आपणहून झिजत असतात, आणि अशा आहाराने ती झीज आणखी वाढते. खुर्चीतून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागणं, जिन्यात दम लागणं याला आपण "वय झालं" म्हणतो. त्यातलं किती वयाचं आणि किती ताटाचं, हे कुणी तपासत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

धान्यात प्रथिनं नसतात असं नाही. पण त्यांच्यात एक उणीव असते. आपलं शरीर प्रथिनं बनवतं ते वीस प्रकारच्या मण्यांची माळ ओवल्यासारखं. त्यातले नऊ मणी शरीराला स्वतः घडवता येत नाहीत, ते जेवणातूनच यावे लागतात. या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. माळेत प्रत्येक मणी आपल्या ठरल्या जागीच हवा. एक मणी संपला की ओवणं थांबतं, बाकीचे ढीगभर असले तरी. तांदूळ, ज्वारी, गहू यांत लायसिन नावाचा मणी कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो, पण तिथे मेथिओनिन कमी पडतं, आणि ते धान्यात असतं. म्हणून वरण-भात, पिठलं-भाकरी, खिचडी, पुरणपोळी या जोड्या जमतात. ताटातली डाळ गेली की भातातल्या प्रथिनांचाही पुरता उपयोग होत नाही. दोघांचं नुकसान होतं.

मावशीची २४ ग्रॅमची तूट भरायला फार मोठं काही लागत नाही. ३० ग्रॅम तूरडाळ (बेताची अर्धी मूठ) घातलेलं घट्ट वरण साडेसहा ग्रॅम देतं. तेवढ्याच कोरड्या मटकीची उसळही जवळपास तेवढंच. मूठभर शेंगदाणे म्हणजे सुमारे सात ग्रॅम. वाटीभर जास्तीचं दही चार-साडेचार ग्रॅम. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम असतात आणि ते उकडायला भांडंही एकच लागतं.

*चौकट: एका माणसाचा एक दिवस*
*(राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या नमुना ताटानुसार, सुमारे, वजनं न शिजवलेल्या जिनसांची)*
*धान्य व भरडधान्य २५० ग्रॅम • डाळी-कडधान्यं, किंवा अंडी-मासे-मांस ८५ ग्रॅम • भाज्या, पालेभाज्या धरून, ४०० ग्रॅम • फळं १०० ग्रॅम • दूध किंवा दही ३०० मिली • दाणे, तीळ, जवस यांसारख्या तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम • तेल-तूप २७ ग्रॅम • मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत.*
*कामाचं स्वरूप आणि वय पाहून धान्य कमी-जास्त करावं. डाळ आणि भाजी मात्र कमी करू नये.*

चहा-टोस्टबद्दल आणखी एक गोष्ट. चहातले टॅनिनसारखे घटक अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात पुरेसं उतरत नाही. पालेभाजी, बाजरी, कडधान्यं यांतलं लोह मुळातच अवघड जातीचं, लवकर न शोषलं जाणारं. त्यावर लिंबू पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व शोषण वाढवतं, आणि वर लगेच चहा प्यायला तर ते पुन्हा अडतं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं. चहा सोडायला मी मावशीला सांगितलं नाही. तिने ऐकलंही नसतं.

शिळ्याचं शास्त्र

"मग दोन दिवसांचं एकदम करून ठेवते," मावशी म्हणाली. कल्पना चांगली आहे, फक्त भाताच्या बाबतीत जपायला हवं.

तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे कडक सालीच्या बियाच समजा. भात उकळला तरी त्या मरत नाहीत. पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं, की कोमट, ओलसर भातात त्या बिया रुजतात, जिवाणू वाढतात आणि एक विष तयार करतात. सकाळी फोडणीचा भात करताना जिवाणू मरतात, पण ते विष उष्णतेला दाद देत नाही. उलट्या होतात त्या त्यामुळे. वास आणि चव चांगलीच राहते, त्यावरून काही कळत नाही.

सुमारे ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान जिवाणूंच्या सोयीचं. त्या तापमानात भाताला रेंगाळू द्यायचं नाही, एवढंच पाळायचं. उरलेला भात ताटात पसरावा, वाफ गेली की डब्यात भरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. सांगलीच्या मे महिन्यात तर तासाभरातच. पातेल्यातला ढीग मधोमध तासन् तास गरम राहतो, म्हणून पसरणं महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी तो संपवावा, चांगला वाफाळेपर्यंत गरम करून आणि एकदाच. वरण-आमटी दोन दिवस ठेवायला हरकत नाही. जिथे वीज सारखी जाते तिथे भाताचा हा बेत करूच नये.

अर्धं काम आधी

तरीही तोच पदार्थ तीन दिवस खाणं नको वाटतं, आणि नको वाटलं की माणूस टोस्टकडे वळतो. म्हणून मला पूर्ण पदार्थ साठवण्यापेक्षा अर्धवट तयारी साठवणं जास्त पटतं. वेळखाऊ, उष्टी-खरकटी वाढवणारं काम आठवड्यातून दोनदा करायचं, आणि शेवटची पाच-दहा मिनिटं रोज ताजी.

तूरडाळ हळद-हिंग घालून घट्ट शिजवायची, मीठ-फोडणी काही नाही. पहिल्या दिवशी तिचं तूप-लिंबाचं साधं वरण. दुसऱ्या दिवशी त्यातच आमसूल, गूळ आणि गोडा मसाला घालून आमटी. उरलेली छोट्या डबीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवायची, ती चार दिवसांनी पालक आणि लसणीच्या फोडणीत येते. तीन वेगळ्या चवी, कुकर एकदाच.

मटकीचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. एक वाटी मटकी रात्री भिजत घालावी, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधावी. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत गाठोडं सोडलं की मोड आलेले असतात, पांढरे, नखाएवढे, आणि वाटीच्या अडीच-तीन वाट्या झालेल्या असतात. आत काय होतं? कोरडं बी आपली खनिजं फायटिक आम्लाच्या कुलपात ठेवून झोपलेलं असतं. पाणी मिळाल्यावर ते जागं होतं आणि रोपासाठी ते कुलूप स्वतःच उघडायला लागतं, त्यामुळे लोह आणि जस्त आपल्याला जास्त सहज मिळतं. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्वही मोडांत तयार होतं. फ्रिजमध्ये मोडांची वाढ मंदावते, दोन-तीन दिवस ते छान टिकतात. एक दिवस उसळ, एक दिवस मसालेभातात, एक दिवस कांदा-लिंबू घालून. वयस्कर माणसांनी मात्र ते वाफवूनच खावेत, कारण मोडांना मानवणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते.

पालेभाजीची जुडी आणल्यावर धुऊन ठेवू नये. पानं तोडली तरी श्वास घेत असतात, ओलावा टाकत असतात. वरून पाणी राहिलं की कुजतात, अगदी कोरडी हवा लागली की मलूल होतात. कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेवली की दोन्ही टळतं. मग जुडीचे तीन वाटे: आज भाजी, उद्या थालीपिठात, परवा वरणात.

आणि थालीपीठ म्हटल्यावर भाजणी आलीच. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धणे भाजून दळलेलं हे पीठ म्हणजे धान्य-डाळीची जोडी आधीच जमवून ठेवलेली. एका माणसाचं थालीपीठ दहा मिनिटांत होतं, वर दही आणि दाण्याची चटणी घेतली की ते पूर्ण जेवण झालं. मेतकूट, कुळथाचं पीठ, दाण्याचं कूट, जवसाची आणि कारळ्याची चटणी ही सगळी अशीच, आधी करून ठेवलेल्या कामाची रूपं आहेत. कोकणात भर पावसात घरी एकटं माणूस असलं तरी कुळथाचं पिठलं होतं, ते म्हणूनच.

माझा भाचा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. गॅस नाही, फक्त विजेची किटली. त्याला भाजणी सांगून उपयोग नाही. त्याच्या कपाटात आता फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ असतो, किटलीत अंडी उकडतात, रात्री पेल्यात हरभरे भिजतात, आणि मेसच्या डब्याबरोबर तो रोज दह्याची वाटी विकत आणतो. मूठभर फुटाण्यांत सहा ग्रॅम प्रथिनं असतात. नूडल्सवर जगण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

शेजारची वाटी

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापड गिरण्यांच्या भागात, कामगारांची कुटुंबं कोकणात किंवा घाटावर असत आणि एकेका खोलीत पुरुषांची बिऱ्हाडं दाटीने राहत. त्यांच्यातल्या पुष्कळांना जेवू घालत होत्या त्या खानावळवाल्या बाया. दहा-वीस एकट्या माणसांचा स्वयंपाक एका चुलीवर आला की पाणी, तेल, इंधन, जुडी सगळ्यांचं गणित सुटतं. या बायांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळीमागे घाम किती होता, हे त्या बायांना बिनतारण कर्ज मिळवून देण्याच्या प्रेमाताईंच्या धडपडीतून दिसतं.

माणसं सोबत असली की जास्त जेवतात, हे मानसशास्त्रज्ञांना अनेक पाहण्यांत दिसलं आहे. एकट्या वृद्धांच्या बाबतीत हेच उलट बाजूने लागू होतं: भूक मुळात मंदावलेली, त्यात समोर कुणी नाही, मग चार घास कमीच जातात. मावशीला खानावळ लावायची नव्हती. पण तिच्या वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई एकट्याच राहतात. दिवाळीनंतर दोघींनी वार वाटून घेतले. सोमवारी आणि गुरुवारी पालेभाजी वर होते, मंगळवारी आणि शुक्रवारी उसळ खाली. केलेल्यातली वाटी एकमेकींकडे जाते, आणि रविवारी दोघी एकत्र जेवतात.

परवा फोन केला तेव्हा मावशी घाईत होती. वरून अळूची पातळ भाजी आली होती, आमसूल आणि दाणे घातलेली, आणि रिकामी वाटी परत पाठवायची नाही म्हणून ती मटकीचं गाठोडं सोडत होती.